आधी कॉपी, मग दुरुस्ती : घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या डिस्क एररचा आढावा

घरातला जुना कॉम्प्युटर सहसा हौसेखातर ठेवलेला नसतो. त्यात काहीतरी अडकलेले असते. दुकानाचा टॅलीतला जुना हिशेब, मुलांच्या लहानपणीचे फोटो, सोसायटीची कागदपत्रे, पेजमेकरमध्ये लावलेल्या दिवाळी अंकाच्या फायली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून टाइप केलेला जुना मराठी मजकूर बहुधा युनिकोडमध्ये नसतो. तो धड दिसायला तोच फॉन्ट, तेच सॉफ्टवेअर आणि पुष्कळदा तोच डाँगल लागतो. त्यामुळे विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ही यंत्रे कोपऱ्यातल्या टेबलावर चालूच आहेत.

मग ती अडखळू लागतात. माउसचा बाण जागच्या जागी थांबतो, पुढच्या पॅनेलवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता जळत राहतो आणि मिनिटभराने निळा पडदा येतो. दुकानात नेले की ठरलेले उत्तर मिळते : डिस्क खराब झालीय, फॉरमॅट मारून विंडोज टाकू. यातले निदान कधी बरोबर असते, कधी नसते. उपायाचा क्रम मात्र जवळजवळ नेहमीच उलटा असतो. या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत जी साधने आली आणि जो अभ्यास झाला, त्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. डिस्क एरर आली म्हणजे डिस्कच बिघडली, असे समजायचे कारण नाही. आणि दुरुस्तीचा पहिला प्रयत्न हाच पुष्कळदा डेटा जाण्याचे कारण ठरतो.

एका सेक्टरपायी सगळे का थांबते

हार्ड डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. माहिती सेक्टरमध्ये लिहिलेली असते. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे, २०११ च्या सुमारास तो ४,०९६ बाइटचा झाला. प्रत्येक सेक्टरसोबत चुका दुरुस्त करणारा कोड असतो, त्यामुळे किरकोळ धूसर अक्षर डिस्क स्वतःच लावून घेते. ते जमले नाही की ती पुन्हा वाचते, पुन्हा पुन्हा वाचते. घरगुती वापराची डिस्क या खटपटीत कितीतरी सेकंद घालवू शकते. विंडोज साधारण ६० सेकंद वाट पाहते. कॉम्प्युटर ‘हँग’ झाल्यासारखा वाटतो तो काळ हाच.

त्या सेक्टरमध्ये एखादा फोटो असेल तर फोटो उघडत नाही, इतकेच. पण विंडोज रॅममधली काही पाने पेजफाइल नावाच्या फायलीत डिस्कवर ठेवते. त्यातले पान परत मागितले आणि ते मिळालेच नाही, तर कर्नलपुढे मार्ग उरत नाही. चुकीच्या माहितीवर पुढे जाण्यापेक्षा थांबणे बरे, म्हणून विंडोज सगळे थांबवते. निळा पडदा हा त्या अर्थी संरक्षणाचा उपाय आहे. त्यावर काय लिहिले आहे ते वाचण्याआधीच बटण दाबून कॉम्प्युटर रीस्टार्ट करणे ही आपली पहिली चूक.

निळ्या पडद्यावर काय वाचायचे

डिस्कशी संबंधित निळ्या पडद्यांचे काही ठराविक प्रकार आहेत. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ म्हणजे स्टॉप कोड ७ए. त्याचाच भाऊ ७७. बूटची डिस्कच सापडली नाही तर ७बी, फाइल सिस्टिममध्ये गोंधळ असेल तर २४, व्हॉल्यूम माउंट झाले नाही तर ईडी.

यातला ७ए जवळून पाहण्यासारखा आहे. एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये स्टॉप कोडच्या पुढे कंसात चार आकडे येतात. त्यातला दुसरा सहसा स्टेटस कोड असतो. तो सी०००००९सी असेल तर डिस्कने ‘हा भाग वाचता येत नाही’ असे कळवले आहे, म्हणजे संशय पृष्ठभागावर. तो सी०००००९डी असेल तर डिस्क त्या क्षणी कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली होती. सी००००१८५ म्हणजे देवाणघेवाणीतच बिघाड. या शेवटच्या दोन्हींत आधी केबल, कनेक्टर आणि वीजपुरवठा तपासायचा असतो. एकाच नावाच्या पडद्याखाली हे दोन वेगळे आजार असतात आणि पहिल्यावरचा खर्च दुसऱ्यावर केला तर पैसेही जातात आणि दुखणेही राहते. विंडोज ८ पासून पडदा साधा झाला, आकडे दिसेनासे झाले. पण फोन काढून त्याचा फोटो घेण्याची सवय तरीही उपयोगी पडते.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झालाच तर दुसरा साक्षीदार म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. त्यातल्या सिस्टिम लॉगमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद असेल तर बॅड ब्लॉक, ११ असेल तर कंट्रोलरची चूक, ५१ असेल तर पेजिंगच्या वेळी अडथळा. १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली. कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावाखाली येणारी १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिले नाही म्हणून तिला रीसेट करावे लागले. ‘एनटीएफएस’खालची ५५ ही फाइल सिस्टिम बिघडल्याची खूण. एकटी नोंद फारसे सांगत नाही. ७ क्रमांकाच्या नोंदी रोज वाढत असतील तर डिस्कच्या पृष्ठभागाकडे बोट जाते, आणि नुसत्या १२९ व १५३ च्या रांगा असतील तर आधी पेटीचे झाकण उघडून पाहावे.

संशयित चार

पहिला संशयित पृष्ठभाग. चकतीवरचा काही भाग कमजोर होतो, हेड झिजते, धक्का बसतो. यावर खरा इलाज नाही. डिस्क बदलणे हाच इलाज.

दुसरा संशयित वाट. जुन्या आयडीई डिस्कला पट्टीसारखी रुंद केबल असते. वेगवान डिस्कला ८० तारांची केबल लागते आणि ती ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब असू नये असा दंडक आहे. साटा केबल बारीक असते. पण तिचे जुने टोक सैल होते आणि पंख्याच्या कंपनानेही निसटते. कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट हवेने कनेक्टरवर गंज धरतो. रॅम काढून खोडरबराने पुसून बसवण्याची आपल्याकडची पद्धत आहे, ती याच कारणाने अनेकदा लागू पडते.

एक्सपीच्या यंत्रात या वाटेच्या बिघाडाचा एक चमत्कारिक परिणाम दिसतो. एका डिस्कवर टाइम-आउट किंवा सीआरसीच्या (वाटेत माहिती बिघडल्याच्या) सहा चुका जमल्या की एक्सपी तिला जलद डीएमए पद्धतीवरून मंद पीआयओ पद्धतीवर उतरवते आणि केबल बदलली तरी आपणहून वर आणत नाही. गाणे अडकत वाजते, कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चालतो आणि मालकाला वाटते डिस्क म्हातारी झाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या आयडीई चॅनेलच्या गुणधर्मांत ‘करंट ट्रान्सफर मोड’ पाहावा. तिथे पीआयओ दिसले तर चांगली केबल लावून तो चॅनेल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करावे. पुष्कळदा डिस्क पहिल्यासारखी धावू लागते.

वीजपुरवठाही याच वाटेचा भाग. एसएमपीएसमधून डिस्कला १२ व्होल्ट मोटरसाठी आणि ५ व्होल्ट सर्किटसाठी मिळतात. दोन्हींत पाच टक्के कमीजास्त चालते, म्हणजे १२ ची तार ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान राहायला हवी. मोठ्या कनेक्टरमध्ये पिवळी तार १२ ची, लाल ५ ची, काळी अर्थ. मल्टिमीटर लावून, कॉम्प्युटर कामात असताना हे आकडे पाहता येतात. एसएमपीएसच्या आत मात्र घरी हात घालू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहते. २००० च्या दशकातल्या अनेक मदरबोर्डवर निकृष्ट कपॅसिटर बसवले गेले होते. त्यांची डोकी फुगलेली किंवा वरून तपकिरी द्रव आलेला दिसला, तर डिस्कवर आळ घेण्याआधी थांबावे.

तिसरा संशयित फाइल सिस्टिम. लिहिता लिहिता वीज गेली की कोणती फाइल कुठे आहे याची नोंद अर्धवट राहते. विंडोज ९८ च्या काळातल्या फॅट पद्धतीत याला संरक्षण नव्हते. एनटीएफएसमध्ये जर्नल असते, त्यामुळे रचना बहुधा सावरते; फायलीतला मजकूर सावरेलच असे नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत यूपीएसशिवाय चाललेल्या कॉम्प्युटरमध्ये अशा जखमा साठलेल्या असतात.

चौथा गट वेष पालटून येणाऱ्यांचा. खराब रॅम चुकीची माहिती डिस्कवर लिहायला लावते आणि दोष डिस्कवर येतो. मेमटेस्ट रात्रभर चालवले की हे उघड होते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जाते. साटाची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर किंवा उलट बदलते, विंडोजला डिस्क सापडत नाही आणि ७बीचा पडदा येतो. कॉम्प्युटरचे घड्याळही मागे गेले असेल तर संशय पक्का. सेल बदलून बायोसमधली सेटिंग पूर्ववत केली की काम होते.

डिस्कची स्वतःची नोंदवही

१९९० च्या दशकापासून डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवतात. या पद्धतीला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमाँटूल्स यांसारख्या मोफत साधनांनी ती वाचता येते. रकाने पुष्कळ असतात, पण घरच्या माणसाने चार पाहिले तरी पुरे. क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बाद करून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे. १९८ म्हणजे तपासणीत न सुधारता आलेले. १९९ म्हणजे केबलच्या वाटेवर झालेल्या चुका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे क्रमांक ०५, सी५, सी६, सी७ असे दाखवते आणि उजवीकडचे कच्चे आकडेही मुळात हेक्साडेसिमलमध्येच देते. तिथले ६४ म्हणजे आपले १००. सेटिंगमध्ये ते दशमान करून घ्यावेत.

१९७ आणि १९९ यांचा फरक नीट समजून घेण्याजोगा आहे. १९७ चा आकडा उतरू शकतो : त्या जागेवर पुन्हा लिहिले गेले आणि ते नीट बसले तर सेक्टर माफ होतो, न बसले तर बाद होऊन ५ मध्ये जमा होतो. १९९ कधीच उतरत नाही. म्हणून तो कितीही मोठा असो, केबल बदलल्यावर आणखी वाढतो का एवढेच पाहायचे. वाढायचा थांबला तर प्रश्न मिटला.

या नोंदवहीवर किती भरवसा ठेवावा? २००७ साली गूगलच्या तिघा संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्कवर पहिली स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती निकामी होण्याची शक्यता अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर चार प्रमुख खुणांपैकी एकही नव्हती. बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये पाच खुणा तपासल्या. निकामी डिस्कपैकी ७६.७ टक्क्यांवर निदान एक खूण होती, चालू डिस्कपैकी ४.२ टक्क्यांवर. दोन्ही अभ्यासांचा रोख एकच : स्मार्टने धोका दाखवला तर तो खरा मानावा; काहीच दाखवले नाही तर निर्धास्त राहू नये. ‘गुड’ किंवा ‘पास्ड’ हा एकच शब्द वाचून खिडकी बंद करण्यात अर्थ नाही.

उष्णतेबद्दलची समजूतही गूगलच्या आकड्यांनी ढिली केली. एकूण डिस्कमध्ये तापमान आणि बिघाड यांचा ठाम संबंध दिसला नाही. तीन-चार वर्षे चाललेल्या डिस्कमध्ये मात्र जास्त तापमानाचा त्रास दिसला. आपला विषय जुन्या यंत्रांचा आहे, तेव्हा पंख्यावरची धूळ काढणे व्यर्थ नाही. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासाने कंपन्यांच्या दाव्यांनाही तपासले. कागदोपत्री वर्षाला ०.५८ ते ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे नेहमीचे प्रमाण होते आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत गेले. शिवाय पहिली काही वर्षे निर्धोक, मग झीज, असे चित्रही दिसले नाही. बिघाडाचे प्रमाण सुरुवातीपासूनच वर्षागणिक चढत होते.

चेकडिस्क आणि फॉरमॅट : औषध की अपाय

सर्वांत जास्त मतभेद इथे आहेत. चेकडिस्क दोन प्रकारे चालते. ‘स्लॅश एफ’ फक्त फाइल सिस्टिमची रचना दुरुस्त करते. ‘स्लॅश आर’ त्याशिवाय सगळा पृष्ठभाग वाचून काढते आणि खराब जागांवर खूण करते. मोठ्या डिस्कवर याला कित्येक तास लागतात. निरोगी डिस्कवर वीज गेल्याने झालेल्या गोंधळाला ‘स्लॅश एफ’ हे योग्य औषध आहे. पण १९७ चा आकडा वाढत असताना ‘स्लॅश आर’ चालवणे म्हणजे मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून एक एक सेक्टर वाचून घेणे. उरलेले आयुष्य डेटा काढण्यात जायला हवे, ते तपासणीत जाते.

त्याहून मोठा धोका कमी बोलला जातो. चेकडिस्कला फायली वाचवायच्या नसतात. तिला रचना सुसंगत करायची असते. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या ती काढून टाकते आणि सापडलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेल्या फायली म्हणून टाकते. आता दोष केबलचा किंवा रॅमचा असेल, तर डिस्कवरची रचना चांगली असूनही तिला ती वेडीवाकडी दिसते आणि ती चांगल्या रचनेची ‘दुरुस्ती’ करून बसते. म्हणून आधी वाट आणि रॅम, नंतर चेकडिस्क.

फॉरमॅटबाबत एक बदल अजूनही अनेकांच्या ध्यानात नाही. एक्सपीमध्ये पूर्ण फॉरमॅट नुसता पृष्ठभाग वाचून पाहत असे, जुना डेटा खाली राहत असे. विस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहितो. त्यानंतर कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर काही परत देऊ शकत नाही. क्विक फॉरमॅट डेटा ठेवतो, पण पृष्ठभाग तपासत नाही; त्यामुळे खराब डिस्कवर तो मारून टाकलेली विंडोज काही दिवसांत पुन्हा अडखळते.

डेटा बाहेर कसा काढायचा

डिस्क टक-टक असा आवाज करत असेल तर वीज ताबडतोब बंद करावी. हेड चकतीवर घासत असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक नवा प्रयत्न नुकसान वाढवतो. तिथून पुढचे काम क्लीन रूम असलेल्या रिकव्हरी केंद्राचे; खर्च हजारांच्या घरात जातो आणि यशाची खात्री कोणी देत नाही. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. आत दव धरते, ते हेडखाली आले की संपले. तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून लावण्याची युक्तीही आता चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची खास जुळणी तिच्याच सर्किटवरच्या चिपमध्ये नोंदलेली असते.

आवाज नसेल, डिस्क दिसत असेल, पण वाचताना अडखळत असेल, तर घरी करण्याजोगे बरेच आहे. त्या डिस्कवरून विंडोज चालवू नये. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी सर्वांत महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी कराव्यात. संपूर्ण डिस्क उतरवायची असेल तर डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. ते अडलेल्या जागेपाशी डोके आपटत बसत नाही : आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते, अवघड जागांची नोंद मॅप फायलीत ठेवते आणि मग एकेक करून त्यांच्याकडे वळते. मध्येच वीज गेली तरी जिथे होते तिथून पुढे चालू होते. एकच काळजी : कोणती डिस्क जुनी आणि कोणती नवी, हे आकारावरून आणि सीरियल नंबरवरून दोनदा ताडून पाहावे. अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

नवी डिस्क घेताना

जुन्या यंत्रात एसएसडी टाकणे हा आजचा रूढ सल्ला आहे आणि बहुतांशी योग्य आहे. पहिल्या पिढीच्या साटा पोर्टवरही ती चालते आणि फरक जाणवतो. एक्सपीवर मात्र दोन अडचणी आहेत : ट्रिमची (पुसलेली जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवण्याची) सोय नाही, आणि पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असल्याने ४,०९६ बाइटच्या रचनेशी जुळत नाही. पार्टिशन नव्या यंत्रावर किंवा लिनक्समध्ये पाडून घेतले की दुसरी अडचण सुटते. एसएसडी टक-टक करत नाही; जाते तेव्हा अनेकदा एकदमच जाते, हेही लक्षात असावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत वापरलेली डिस्क घेणार असाल तर स्मार्टमधला क्रमांक ९ पाहावा. तो डिस्क किती तास चालली ते सांगतो. अखंड एक वर्ष म्हणजे ८,७६० तास. पण हा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्क असा आकडा पुसून नव्या म्हणून विकल्याचे उघड झाले. दुकानदाराची लेखी वॉरंटी त्यापेक्षा भरवशाची.

क्रम

सगळ्याचा निष्कर्ष काढायचा तर तो असा. निळ्या पडद्याचा फोटो घ्या. कॉम्प्युटर बंद करा आणि डिस्क अजून वाचता येत असेल तोवर महत्त्वाचे ते बाहेर काढा. मग केबल बदला, व्होल्टेज पाहा, रॅम तपासा. मग स्मार्टचे चार आकडे लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्क बदला. तिच्यावर चेकडिस्क किंवा फॉरमॅटचा वेळ घालवू नका. आकडे स्थिर असतील तरच फाइल सिस्टिमची दुरुस्ती करा. फॉरमॅटचा नंबर सर्वांत शेवटी. दुकानात नेणार असाल तर ‘डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नका’ हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्या.

आणि ज्यांचा जुना कॉम्प्युटर आज व्यवस्थित चालतो आहे त्यांच्यासाठी : छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम अजून जुना झालेला नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. बाहेरची हार्ड डिस्क रिकव्हरीच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. ती या आठवड्यात घ्या आणि पहिली कॉपी लगेच करा.